आठ नंबरची खोली

डुलुथच्या हॉस्पिटलात नर्सना डायलिसिसचं नवं मशीन शिकवायचं काम मार्नीनं बारा वाजायच्या आत उरकलं. विमान संध्याकाळी साडेपाचचं होतं. एरवी ती मधला वेळ विमानतळावर लॅपटॉप उघडून काढायची. पण या खेपेला हॉस्पिटलच्या दारात ऱ्होंडा गाडी लावून उभी होती. ऱ्होंडाची नणंद त्याच वॉर्डात नर्स. तिनंच आदल्या दिवशी बातमी फोडली होती.

"बस आत," ऱ्होंडा काच खाली करत म्हणाली. "गावात येतेस आणि चोरासारखी निघून जातेस. कितवी खेप ही?"

"तिसरी," मार्नी म्हणाली. खोटं बोलून उपयोग नव्हता. "अगं, दोन दिवसांचं काम असतं. खरंच वेळ…"

"राहू दे. जेवलीस का?"

ऱ्होंडानं धुरी दिलेला मासा कागदात बांधून आणला होता. सरोवराच्या काठाला गाडी लावून दोघींनी तो बोटांनीच खाल्ला. नोव्हेंबरचं पाणी शिशासारखं दिसत होतं. एकाच शाळेत वाढलेल्या तिघींपैकी मार्नी लग्नानंतर कॅन्ससला गेली, ऱ्होंडा आणि ग्रेचेन इथंच राहिल्या. ग्रेचेन गेल्या वर्षी मार्चमध्ये कॅन्सरनं गेली. तेव्हा मार्नीचं टल्साला प्रशिक्षण ठरलेलं होतं. तिनं फुलं पाठवली होती.

ग्रेचेनचं नाव काढायचं मार्नीच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा तिनं माशाचा काटा काढला.

"चल, तुला गाव दाखवते," ऱ्होंडा हात पुसत म्हणाली. "पाहुणी आहेस ना आता!"

जुन्या दीपगृहाशेजारी रखवालदाराचं दोनमजली घर होतं आणि त्याचं संग्रहालय केलेलं होतं. हंगामाचा शेवटचा आठवडा, त्यामुळे आत चिटपाखरू नव्हतं. टेबलामागच्या म्हाताऱ्यानं ऱ्होंडाला पाहून नुसती मान हलवली, तिकीटही मागितलं नाही. गळ्यात अडकवायची दोन छोटी यंत्रं त्यानं पुढं केली. खोलीच्या दारावर जो नंबर असेल तो दाबायचा, की कानात माहिती सुरू.

मार्नीनं एक दाबला.

"या, या. पाय पुसून या हं. रखवालदाराची बायको भारी खाष्ट होती…"

मार्नीनं इअरफोन खसकन ओढून काढला. तो आवाज तिनं शाळेच्या बाकावर सात वर्षं शेजारून ऐकला होता. वाक्याच्या शेवटी हसू दाबण्याची ती लकब दुसऱ्या कुणाची असणंच शक्य नव्हतं.

"ऱ्होंडा! ही ग्रेचेन आहे."

"हो. नऊ वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलं तिनं. इथं स्वयंसेवक होती ना."

"मला सांगायचं तरी आधी!"

"सांगितलं असतं तर आली असतीस?" ऱ्होंडानं तिच्याकडं पाहिलं नाही. "वसंतात हे काढून नवीन बसवणार आहेत. मी दर गुरुवारी येते. ऐक तू."

मार्नीनं इअरफोन परत घातला. स्वयंपाकघर, कोठी, तेलाचे डबे ठेवायची खोली. ग्रेचेन जिन्याच्या पायऱ्या मोजत होती, मधेच खोकत होती, चूल कशी धूर ओकायची ते सांगत होती. मेलेलं माणूस इतक्या मजेत बोलतंय याचीच मार्नीला भीती वाटू लागली. दोनदा तिनं मागं वळून पाहिलं. ऱ्होंडा चार पावलांवर होती आणि तिचे ओठ ग्रेचेनच्या शब्दांबरोबर हलत होते.

वरच्या मजल्यावर आठ नंबर, निजायची खोली. एक लोखंडी पलंग आणि पाण्याकडं उघडणारी एकच खिडकी.

"इथं बसून ती जहाजं बघायची," आवाज म्हणाला. "ओळखीचं जहाज असलं की भोंगा द्यायचं. एखादं न देताच जायचं. त्याला वाटायचं, आपण कुणाला दिसलो नाही." मग एक लांब श्वास, कागद सरकल्याचा आवाज. आणि मग अगदी जवळून, हळू: "मार्ने, राखाडी कोटात थकलेली दिसत होतीस गं."

मार्नी पलंगाच्या कडेला बसली. अंगावरचा राखाडी कोट तिनं दोनच वर्षांपूर्वी घेतलेला होता.

"काय झालं?" ऱ्होंडा धावत आली.

"माझं नाव घेतलं तिनं. माझं यंत्र घे. आठ दाब."

ऱ्होंडानं ऐकलं. मग आपलं यंत्र मार्नीच्या कानाला लावलं. दोन्हींत खिडकी होती, भोंगा होता, लांब श्वास आणि कागद होता. पुढं काही नव्हतं. मार्नीनं पाच वेळा आठ दाबला.

"कोटाबद्दल बोलली ती. थकलेली दिसत होतीस म्हणाली."

ऱ्होंडाचा चेहरा उतरला. ती खिडकीपाशी गेली.

"तुला सांगणार नव्हते मी," ती म्हणाली. "तिचं केमो त्याच हॉस्पिटलात चालू होतं. तुझी पहिली खेप होती ना, दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली? ती खाली रांगेत बसली होती. तू समोरून गेलीस, बॅग ओढत, फोनवर बोलत. हाच कोट. हाताच्या अंतरावरून गेलीस म्हणाली."

"मला हाक का नाही मारली?"

"डोक्यावर केस नव्हते. म्हणाली, तिनं ओळखलं नाही तर मी काय करू. आणि ओळखलं तर ती बिचारी काय करेल, विमान असेल तिचं." ऱ्होंडानं नाक ओढलं. "मी चिडले होते तुझ्यावर. ती नव्हती. खरंच नव्हती. नुसतं म्हणाली, थकलेली दिसत होती गं."

मार्नीला तो दिवस आठवेना. फोनवर कोण होतं, काय एवढं महत्त्वाचं चाललं होतं, काही म्हणजे काही आठवेना. रांगेतल्या खुर्च्या तेवढ्या आठवत होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही चेहरा नव्हता.

म्हातारा वर आला, बंद करायची वेळ झाली म्हणाला. मार्नीनं यंत्र गळ्यातून काढताना एकदा कानाशी धरलं. बारीक खरखर होती, बस.

"तुला विमानतळावर सोडते," गाडीत ऱ्होंडा म्हणाली. "अजून मिळेल."

"जाऊ दे ते. ती कुठं आहे?"

दफनभूमी टेकडीवर होती. पातळ बर्फ पडलेला, उजेड मावळत आलेला. ऱ्होंडानं दगड दाखवला आणि फाटकापाशी थांबली. मार्नी एकटी पुढं गेली. प्रार्थना तिला सुचली नाही, माफीचे शब्दही नाहीत. तिनं फक्त हाक मारली, शाळा सुटल्यावर रस्त्याच्या पलीकडून मारायची तशी, सगळा जोर लावून.

"ग्रेचे-न!"

झाडावरचे कावळे उठले. तिनं आणखी एकदा हाक मारली, आणि मान थोडी कलती करून उभी राहिली. किती वेळ, ते ऱ्होंडानंही मोजलं नाही. मार्नी परत आली तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या गारठून लाल झाल्या होत्या.

"काही ऐकू आलं?" ऱ्होंडानं विचारलं, आणि ती थट्टा करत नव्हती.

"नाही," मार्नी म्हणाली. मग फाटक लावून घेत, "पण ती तिथं नव्हती असंही नाही वाटलं."

त्या रात्री ती ऱ्होंडाकडं राहिली. सकाळचं पहिलं विमान पकडण्याआधी तिनं दोन कप कॉफी घेतली आणि ऱ्होंडाला ग्रेचेनच्या शेवटच्या वर्षाबद्दल सगळं विचारून घेतलं, एकही गोष्ट न गाळता.