वाढ

पिवळी टेप – शिंप्याच्या गळ्यात असते तसलीच – रेश्माच्या कपाळावरून निघाली, कानांच्या वरून फिरून पुन्हा कपाळावर आली. डॉक्टरबाईंनी ती अंगठ्यानं दाबून धरली, आकडा वाचला, आणि टेप फिरवून पुन्हा एकदा मोजलं. तेव्हा भाऊसोला कळलं, की दुखणं त्याच्या बायकोबरोबर, क्रांतीबरोबर, गेलेलं नाही.

क्रांतीचं डोकं मोठं होतं, लेकीचं, रेश्माचंही मोठं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नात मुंडावळ्या पुरल्या नव्हत्या, मागं दोरा जोडून बांधल्या होत्या, आणि त्याची थोरली बहीण, बाळाबाई आक्का, भर मांडवात म्हणाली होती, "डोस्कं हाय का घागर?" त्यावर नवरी खाली मान घालून, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली होती – "डोकं मोठं सरदाराचं. तुमचं पाय केवढं हायती ते बघा." तेव्हापासून त्या डोक्यावरून घरात नुसतं हसणंच झालं होतं… आणि आज बाई ते टेपनं मोजत होत्या, लक्षण म्हणून.

क्रांतीला जाऊन आठ महिने झाले होते. जाण्याआधी तिचं रक्त तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट आलाय, घेऊन जा, असा सांगलीच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा तो म्हणाला, माणूस गेलं, कागद घेऊन काय करू? मग बाईंनी स्वतः फोन केला. लेकीला घेऊन या.

"पी-टी-ई-एन," बाई म्हणाल्या. "त्या जनुकाचं नाव. पीटेन म्हणतात."

"पिटीन?" भाऊसो म्हणाला. "कुणाला पिटीन म्हणतंय ते?"

रेश्मा फसकन हसली. बाईही हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं – पेशीला सारखे निरोप येत असतात, वाढ, वाढ, वाढ. या जनुकापासून एक प्रथिन बनतं, ते निरोप पुढं जाऊ देत नाही, अडवतं. जनुकाच्या दोन प्रती असतात. क्रांतीची एक जन्मापासूनच मोडकी होती.

वाढ… त्याच्यापुढं पंगतच उभी राहिली. वाढपी येतोय, बुंदी वाढतोय, पुन्हा येतोय, आणि जेवणारा पानावर आडवा हात धरतो – बास. तो हात नसला तर? क्रांतीच्या पानावरचा हात कुणी काढून घेतला होता? आणि ती स्वतः वाढायला उभी राहिली की कुणाचं बास ऐकायची नाही, हातावर आमटी ओतायची… गळ्याची गाठ काढली ती एका डॉक्टरनं. हिरड्यांवर खरखरीत पुटकुळ्या आल्या, तेव्हा दुसरा म्हणाला, मिश्री सोडा. तिनं सोडली, पुटकुळ्या तशाच राहिल्या. छातीतली गाठ तिसऱ्यानं पाहिली, तोवर उशीर झाला होता. तिघांनी तिची तीन दुखणी पाहिली. एकानं तरी मान वर करून त्या डोक्याकडं बघायचं होतं. पिटीन – खरंच कुणाला तरी पिटावं असं त्याला वाटलं.

"हिच्यात असंल?"

"निम्मी शक्यता. रक्त दिलं की कळेल. असलंच, तर दरवर्षी तपासत राहायचं. लवकर सापडलं तर बरंच काही हातात असतं. आईच्या वेळी आपल्याला माहीतच नव्हतं."

"विचार करून सांगते," रेश्मा म्हणाली आणि उठली.

विट्याच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो शेजारी. कानांत वायरी घालून ती बाहेर बघत होती, आणि तो तासगाव येईतो मनातल्या मनात भांडत होता – तिन्ही डॉक्टरांशी, देवाशी, आणि अजून काही न बोललेल्या आक्काशीही.

आक्का ओसरीतच बसली होती.

"दिलं का रगत?"

"न्हाई अजून."

"बेस झालं. दिऊच नगंस. परवा कराडचं पाव्हणं सुपारी फोडाय येत्याती. वर्साच्या आत लगीन उरकाय पायजे, न्हाईतर तीन वर्सं पोरगी घरात बसंल."

"आन् निघालं म्हंजी तिच्यात?"

"मग बघंल की तिचा न्हवरा! तुज्या बायकूच्या माह्यारचं बेणंच खराब, त्याची दवंडी आपुन कशाला पिटायची रं?"

बेणं. लागणीच्या उसाला म्हणतात तसं. बाई तर म्हणाल्या होत्या, हे आईबापांकडून आलं की क्रांतीपासूनच सुरू झालं, आता सांगता येणार नाही. पण आक्काला सांगता येत होतं. माणूस मेलं तरी तिचं माहेर काढणं थांबलं नव्हतं! भाऊसोनं खिशातून फोन काढला.

"काय कराय लागलाईस?"

"दवंडी."

कराडचे लालासाहेब, शंभूराजचे वडील आणि होणारे व्याही, लगेच बोलले. "बोला पाव्हणं! च्या झाला का?"

त्यानं सगळं सांगितलं. जनुक, निम्मी शक्यता, रक्त. आवाज जराही खाली आणला नाही. लालासाहेबांचा आवाज मात्र खाली आला – "खरं बोललासा, बरं केलं. पर… घरात इचारतो. कळवतो."

"कळवा," तो म्हणाला. आक्कानं कपाळावर हात मारला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला छातीभर श्वास आला.

"आबा."

रेश्मा स्वयंपाकघराच्या दारात होती.

"रक्त कुणाचं द्यायचंय?"

"तुजं."

"मग सांगायचं कुणी?"

"लपवून लगीन करायचं व्हतं व्हय तुला?"

"शंभूराजला मी सांगणार होते. मीच, समोर बसवून. आता तो बापाकडून ऐकेल." तिचा आवाज चढला नव्हता, क्रांतीचाही कधी चढायचा नाही. "आत्याला लपवायचं होतं, तुम्हाला सांगायचं होतं. झालं ना तुमचं दोघांचं?"

ती आत गेली.

सांगितलं ते वाईट केलं नाही मी – त्यानं स्वतःला बजावलं, आणि ते खरंच होतं. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन, गावात उभा राहून सांगेन, माझ्या बायकोचं बेणं खराब नव्हतं… पण हे आता तो कुणाला ऐकवत होता? मघाशी छातीत भरलेला श्वास तिथंच अडकून बसला होता. विचार करून सांगते, असं पोरगी म्हणाली होती. सांगलीपासून विट्यापर्यंत ती त्याच्या शेजारी बसून विचारच करत होती, आणि काय ठरवते आहेस, एवढं त्यानं विचारलं नव्हतं.

रक्त द्यायचं राहिलं होतं. आणि ती देणार की नाही, हे तिला विचारायचंही राहिलं होतं.