जानकीकाकूचं पहिलं नाव

दोष सदानंदचा. हे आधीच सांगून टाकतो. मोठ्यांची चूक सांगायची म्हटली की आपल्याकडे आधी त्यांच्या कष्टांचा पाढा वाचतात, आणि मग चूक सांगायची राहूनच जाते.

मी एक पितळी ताट. जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. सध्या मुक्काम कतारमध्ये, अल खोरच्या एका कंपनी व्हिलात, ओट्याच्या कोपऱ्यात. माझ्यात टोमॅटो ठेवतात.

माझं खरं काम वेगळं होतं. लग्न लागलं की माझ्यात तांदूळ पसरायचे. नवरदेव अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचा. ते जाहीर व्हायचं, साखर वाटली जायची. जुनं नाव कुठे गेलं हे कुणी विचारायचं नाही.

१९३० साली गर्ग्यांच्या देवीदासने माझ्यात ‘जानकी’ लिहिलं. तो स्कॉटलंडला यंत्रमागाचं शिकायला गेला होता, येताना बायको घेऊन आला. घरच्यांनी नाशिकला पुन्हा विधीने लग्न लावलं. लिहिण्याआधी तो माझ्यावर वाकून तिला हळूच म्हणाला होता, “एल्सपेथ, रागावू नकोस हं.” ते नाव त्या घरात त्यानंतर कुणी घेतलं नाही.

गोरी, उंच, नऊवारीत सारखी अडखळणारी. देवीदासची भावजय बाळंतपणात गेली, तेव्हा तिची अंजना या जानकीकाकूनेच वाढवली. दुपारी सगळे झोपले की दोघी माझ्यात तांदूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायच्या. काकूलाही मराठी यायचं होतंच की! पोरीचा ‘ळ’ सुबक, काकूचा नेहमी लोळलेला. दोघी एकमेकींना हसायच्या. त्यांच्या बोटांची ऊब मला अजून आठवते.

एकदा काकूने इंग्रजीत काहीतरी लिहिलं.

“हे काय गं?”

“हे मी,” काकू म्हणाली, आणि हाताने तांदूळ सारखे केले. अंजनाला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं.

अंजना सात वर्षांची असताना काकू आजारी आईला भेटायला बोटीने गेली. मागून महायुद्ध सुरू झालं. काकू आली नाही. घरातल्या बायकांनी निकाल लावला, पळाली. देवीदासला कुणी विचारलं की तो उठून जायचा. अंजनाच्या लग्नात मात्र तो आडवा पडला, पोरीचं नाव पुसू दिलं नाही आणि मला तिच्यासोबत सासरी पाठवलं.

सदानंद हा अंजनाचा मुलगा. त्याच्या लग्नात मी पुन्हा बाहेर आलो. नव्वदीला टेकलेला देवीदास त्याच्या कानाशी म्हणाला, “पोरीचं नाव बदलू नकोस रे. मी माझ्या बायकोचं पुसलं. एल्सपेथ कारगिल होती ती.” सदानंद म्हणाला, “हो आजोबा,” आणि त्याने शैलजाची मालविका केली. ऐकून घ्यायचं आणि आपलंच करायचं, ही त्याची पहिल्यापासूनची रीत.

वीस वर्षांपूर्वी आम्ही कतारला आलो. अंजना विधवा झाल्यावर तिलाही आणलं. सदानंद पहाटे कंपनीच्या बसने रास लफानच्या गॅस प्रकल्पावर जायचा, संध्याकाळी यायचा, टीव्ही लावायचा. आईला खोली, एसी, औषधं, सगळं होतं. दोन वाक्यं बोलायला माणूस नव्हता.

मग अवधूत आला. सदानंदचा मुलगा, पुण्याचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून. फुटबॉल वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षाची गोष्ट. अल खोरच्या वाळूत तंबूच्या आकाराचं स्टेडियम उभं होतं, रस्त्यांवर झेंडे लागत होते, आणि घरात बापलेकाचं बोलणं बंद होतं.

अवधूत संध्याकाळी आजीला समुद्रावर न्यायचा. एकदा मासेमारीच्या होड्या बघून आजी म्हणाली, “काकूचे वडील जाळी विणायचे. अशाच होड्या असतील नाही रे तिकडे?” आणि थोड्या वेळाने, “मला एवढंच कळू दे अवधूत, ती मला टाकून गेली की तिला येता आलं नाही?”

झालं. पोरगा लॅपटॉप उघडून माझ्याशेजारी ओट्यावर बसायला लागला. स्कॉटलंडच्या जुन्या जनगणना, १९११ ची पानंच्या पानं. काकू तेव्हा चार-पाच वर्षांची असणार, तिच्या भावंडांची नातवंडं सापडली तर त्यांना विचारता येईल, असा त्याचा हिशेब. पण तिचं पहिलं नाव ठाऊक नाही, आणि कोळ्यांच्या घरातल्या त्या वयाच्या मुली शेकड्यांनी. फॅमिली ग्रुपवर थोर मंडळींनी सल्ला दिला, “जानकी गर्गे टाकून बघ.” स्कॉटलंडच्या कोळीवाड्यात चार वर्षांची जानकी गर्गे! यांना खरंच वाटत होतं की आपण ठेवलेलं नाव जन्मापासूनचं असतं.

“सापडली का रे तुझी मॅडम?” सदानंद चहा घेता घेता म्हणाला. “राहिलेल्या विषयांत बघ. तिथेच असेल.”

“बाबा, तुम्हाला नाव माहीत आहे का तिचं?”

“आहे.”

नाव मलाही माहीत होतं. पण ताटाला बोलता कुठे येतं?

“मग सांगा ना!”

“राहिलेले विषय दे. रिझल्ट लागला की सांगतो. खलास.”

“आजी नव्वदीची आहे, बाबा.”

“म्हणूनच तू लवकर अभ्यासाला लागशील.”

अंजना दारात उभी होती. “सदा, मला तरी सांग रे.”

“आई, तू मध्ये पडू नकोस. त्याच्या भल्याचं आहे. थोड्याच महिन्यांचा प्रश्न आहे.”

“बरं,” अंजना म्हणाली. “थांबते मी.”

मालविका पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. “अहो, तुमची आई आहे ती.”

“तुला कळत नाही यातलं.”

अवधूतने बॅग भरली. ज्या कॉलेजकडे बघायचंही नाही म्हणत होता, तिथे जाऊन परीक्षेला बसला. रोज आजीला फोन. “झाला गं एक पेपर.” “शाबास. मी आहे हो इथे.”

रिझल्ट लागायचा होता. ऑक्टोबरमध्ये सकाळी मालविका चहा घेऊन गेली, तर अंजना गेलेली होती.

तिला नाशिकला नेलं. पुढचं मी मालविकाच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं. स्मशानातून परतताना सदानंदने गाडीत स्वतःहून नाव सांगितलं. अवधूतने फोन काढला, टाइप केलं. गाडी घरी पोचायच्या आत एल्सपेथ कारगिल सापडली. वय चार, बाप कोळी, दोन धाकट्या बहिणी.

त्यातल्या एकीचा नातू अजून त्याच गावात आहे. तो अवधूतला म्हणाला, “ती परतीच्या बोटीसाठी खेटे घालायची म्हणे. युद्धामुळे जागा मिळेना. एक्केचाळीस साली तापाने गेली. इंडियातल्या तिच्या मुलीबद्दल आमची आजी नेहमी सांगायची.”

मुलीबद्दल. पुतणीबद्दल नाही.

आता मी जुना झालोय. कल्हई गेलीय, कडेला पोचा आहे. सदानंद निवृत्त झाला की सामान हलेल, तेव्हा मला कुठेही टाका. पण माझ्यात तांदूळ पसरून कुणाचं नाव पुसायला बसणार असाल, तर एकदा अंजनाला आठवा. टोमॅटो ठेवलेले मला चालतील.

अवधूत अल खोरला परत आला नाही. तो मालविकाशी बोलतो, बापाशी नाही. तो पास झाला होता, पण पुढे शिकला नाही. सदानंदची आई उत्तर न मिळता गेली, मुलगा कायमचा तुटला, आणि ज्या डिग्रीसाठी हे सगळं केलं ती झालीच नाही.