राजसीला न दिलेला कुकारा

वाघबारशीच्या दिवशी राजसी पहिल्यांदा वाडीवर आली आणि सोनियाचं सुरळीत चाललेलं आयुष्य विस्कटलं.

बारवीच्या डोंगरातली ती छोटी वाडी. दिवाळीच्या तोंडावर बदलापूरच्या टॉवरमधली काही मंडळी तिथं फराळ वाटायला येत. राजसी तिच्या आईबरोबर आली होती. असेल पंधरा वर्षांची, पांढरे बूट, हातात फोन. वाघोबाच्या शिळेपुढं भात शिजत होता, पोरं वाघ-वाघ खेळत होती. राजसीनं रिकाम्या गोठ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ही वाघीण अशी मोकळीच सोडता तुम्ही?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं सोनिया हसली. हसली नाही ती एकटी भिकीआत्या. तिनं हातातला पळा खाली ठेवला.

"कानाला चीर हाय का गं तिच्या?"

"हो. डाव्या."

सोनियानं डोळे फाडून गोठ्यात पाहिलं. शेण होतं, पेंढा होता, एक फुटकी बादली होती. वाघीण नव्हती.

त्या डोंगराची रीत अशी, की एका वेळी एकच राखणीण. डोंगराची वाघीण फक्त तिलाच दिसणार आणि वाघीण नेईल तिथलं अरिष्ट तिनंच निवारायचं. आधी भिकीआत्या होती, मग तिची भाची सोनिया. धरणात बुडालेल्या गावाची देवी सोनियानंच पाण्याबाहेर काढून टेकडीवर बसवली. वालधुनी नदीच्या पाण्यातून उठून उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये घराघरांत शिरणारं, लोकांना खोकवून मारणारं धुरकट भूत, तेही तिनंच पुलाखाली बांधून टाकलं. त्याच कॅम्पात ती जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. शेठ तिच्यावर खेकसायचा, "ए लडकी, हाथ चला!" तेव्हा ती मनात म्हणायची, मी नसते तर तू आज खोकत मेला असतास. एवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

पाहुणे गेल्यावर ती आत्यासमोर उभी राहिली. "आत्ये, माझं काय चुकलं?"

"कुठं काय चुकलं? वाघीण तिकडं गेली, एवढंच."

"त्या बिल्डिंगमधल्या पोरीकडं? तिला शेणात पाय पडला तर रडू येतंय!"

"तू राखणीण झालीस तवा मलाबी तुझं तोंड बघवत नव्हतं," भिकीआत्या म्हणाली. "शिकवलं का नाय तरी? तूबी शिकव. आणि पयला तिचा कुकारा दे."

रानात नावानं हाक मारायची नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाव उच्चारलं की चकवा ते उचलतो, त्याच माणसाच्या आवाजात ओ देतो आणि हाक मारणाऱ्याला कड्यावर नेऊन सोडतो. म्हणून नावाऐवजी प्रत्येकाची आपली शीळ, आपला कुकारा. कुणाचा आखूड, कुणाचा लांब, कुणाचा मधेच तुटणारा. राखणिणीला तो आधीच्या राखणिणीनंच द्यायचा. आणि तो दिला की डोंगराच्या लेखी जुनीचं काम संपलं.

हाकेची रीत तेवढी सोडून सोनियानं राजसीला सगळं शिकवलं. कुठला वेल तोडायचा नाही, कुठल्या झऱ्याचं पाणी प्यायचं नाही, कोयता कसा धरायचा. रविवारमागून रविवार राजसी आईला क्लासचं सांगून यायची. पोरगी हुशार होती, तेही सोनियाला सोसवायचं नाही. मधेच थांबून राजसी हवेतच हात फिरवायची आणि म्हणायची, "सोनियाताई, हिची पाठ किती गरम आहे!" सोनियाला वाघिणीनं कधी पाठीवर हात ठेवू दिला नव्हता.

"कुकारा दिलास?" आत्यानं विचारलं.

"दिला की," सोनिया म्हणाली.

पुढच्याच रविवारी राजसी धापा टाकत आली. "ताई, वाघीण बोलावतेय. धरणाच्या वरच्या अंगाला. सारखी तिकडेच बघतेय."

दोघी निघाल्या. दुपार टळटळीत होती, गवत पिवळं पडलेलं, सागाचं पान हलत नव्हतं. राजसी पुढं, सोनिया मागं. आपण मागं चालतोय, हेच तिला डाचत होतं. टेपाडावर राजसी थांबली.

"बसलीये ती. आपण पण थांबूया."

"तू बस. मला रान पाठ आहे," सोनिया म्हणाली आणि तरातरा पुढं निघून गेली.

वळणापलीकडं गेल्यावर मागून आवाज आला. "सोनियाताई! अगं थांब ना! सोनियाताई!"

नावानं हाक. सोनिया गप्प राहिली. रीतच तशी, असं तिनं स्वतःला बजावलं. पण खरं म्हणजे तिला गोड वाटत होतं. मार म्हणावं हाका. घाबर जरा. जा घरी, लिफ्टनं वर.

तेवढ्यात दरीच्या बाजूनं उत्तर आलं.

"आले गं राजसी! इकडं ये, इकडं!"

तो आवाज सोनियाचा होता. तिचं तोंड मिटलेलं होतं.

ती उलटी पळत सुटली. करवंदीत ओढणी फाटली, चप्पल कुठं गेली कळलं नाही. टेपाडावर कुणी नव्हतं. खाली उतारावर राजसीचा पांढरा टॉप दिसला. ती सरळ कड्याकडं चालली होती. सोनियानं छाती फुटेस्तोवर आपला कुकारा दिला. राजसीनं मान वर केली, झाडात पाखरू शोधलं आणि पुन्हा चालू लागली. तिला कसा कळावा? शिकवला कुणी होता?

"राजसी! थांब!"

राजसी थांबली. दोन्हीकडं बघू लागली.

"राजसी, बाळा, ये," दरीतून सोनियाचाच आवाज आला. "दमलीस ना? इथं सावली आहे. माझी गुणाची पोर ती."

"ताई?" राजसीचा आवाज कापत होता. "तू नक्की कुठे आहेस?"

"मागं फीर!"

"नको ऐकूस तिचं," दरी म्हणाली. "तो चकवा आहे. मी आहे ना तुझ्याजवळ."

राजसीनं पाऊल उचललं. पुढं गवत संपत होतं आणि खाली धरणाचं पाणी चमकत होतं. सोनियापाशी खूण नव्हती, पुरावा नव्हता. मग तिच्या तोंडून जे आलं, ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"अगं ए टवळे! मला तू डोळ्यांसमोर नकोस! ती वाघीण माझी होती! तुला कुकारा द्यायचा असतो, तो मी मुद्दाम दिला नाही, ऐकतेस का? तू हरवावीस म्हणून! आता मर नायतर मागं फीर!"

राजसी गर्रकन वळली आणि आवाजाच्या रोखानं पळत आली. दरीतला आवाज अजून "बाळा, बाळा" करत होता, मग विरला. पोरीनं सोनियाचं मनगट गच्च धरलं.

"कसं ओळखलंस?" सोनियानं विचारलं.

"तू एकदा तरी माझ्याशी गोड बोलली आहेस का?" राजसी म्हणाली. मग मनगट सोडून दिलं. "म्हणजे मुद्दाम?"

"हो."

"मी मेले असते."

"हो."

"सॉरी तरी म्हण ना!"

सोनियाला ते जमेना. तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि एक नवा कुकारा दिला. दोन आखूड, एक लांब, शेवटी वर चढणारा. कारखान्यात धागे कापता कापता तो तिच्या मनात कधीचा तयार होता, फक्त ती तो कुणाला देत नव्हती. राजसीनं चौथ्या खेपेला तो बरोबर धरला. समोरचा डोंगर घुमला, आणि सोनियाच्या कुकाऱ्याला कधी घुमला नव्हता इतका घुमला. तिनं दात आवळले.

"झालं. आता तू राखणीण. चल पुढं."

"मी पुढे नाही जाणार. तू माझ्या पाठीमागे नको आहेस मला."

"मग मी पुढं होते."

"तुला ती वाघीण दिसते कुठे?"

पाऊलवाट एका माणसापुरती होती. शेवटी दोघी शेजारी शेजारी निघाल्या, राजसी वाटेवरून आणि सोनिया कडेच्या काटेरी गवतातून, अनवाणी.

थोडं चालल्यावर सोनियानंच विचारलं, "कुठं वळली वाघीण?"

"डावीकडे," राजसी म्हणाली. "पळतेय आता."