मोरीची कडी

विपुलनं मैनाचं डोकं पहिल्यांदा भिंतीवर आपटलं, तेव्हा चाळीतल्या सगळ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मीही वाढवला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी नळावर मैनाच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि मला स्वतःचीच इतकी घाण वाटली की हंडा तिथंच टाकून मी घरी आले. त्याच आठवड्यात मोहोपाड्यातल्या आमच्या चाळीत महिला मंडळ निघालं. वयानं मोठी म्हणून अध्यक्ष मी, गोदूबाई.

मंडळ म्हणजे अकरा बाया आणि एक रबरी शिक्का. ना खोली, ना देणगी. पनवेलला संस्थांसाठी नियोजनाचं शिबिर होतं, तिथं गेलो. शिकवणाऱ्या संजना मॅडम पडद्यावर चौकोन दाखवत होत्या. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण आमच्याकडं अंथरूणच नव्हतं. मी चिडून तसं म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, काय नाही ते राहू द्या, प्रत्येक घरात काय आहे ते सांगा. मी सांगितलं, थाळी आहे, पळी आहे, मोरी आहे आणि मार खाणारी बाई आहे.

परत येताना एसटीतच योजना ठरली. चाळीतल्या पदू वेल्डरनं भंगारातल्या लोखंडाच्या जाड कड्या केल्या आणि प्रत्येक मोरीच्या दाराला आतून फुकट बसवून दिल्या. नियम तीनच. नवरा अंगावर आला की मोरीत शिरून कडी लावायची. आत ठेवलेली थाळी पळीनं बडवायची. ऐकणाऱ्या बायकांनी आपापली थाळी वाजवत त्या दाराशी यायचं, आणि चहूकडून थाळ्या ऐकू आल्या की आतलीनं कडी काढून ताठ मानेनं बाहेर यायचं. हा तिसरा नियम माझा. कोंडून घेतलेल्या बाईला नवरा भित्री समजतो, चारचौघींसमोर ती बाहेर आली की लाज त्याची जाते, असं मी सगळ्यांना पटवलं होतं.

ज्येष्ठात विपुलनंच पहिली परीक्षा घेतली. रसायनीतल्या कंत्राटी कामावरून आला आणि आमटी अळणी म्हणून त्यानं मैनाला केसांना धरून चुलीपासून दारापर्यंत फरफटत नेलं. ती सुटली, मोरीत शिरली, तिनं थाळी बडवली. तीस बाया जमलो. मैना कडी काढून बाहेर आली, ओठ फाटलेला, पण मान वर. विपुल खाली बघत चपला शोधत राहिला. कोणीतरी हसलं, ते त्यानं ऐकलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं होतं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मला जिंकल्याची धुंदी होती.

नंतर आणखी दोन घरांत योजना चालली. ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याही थाळी घेऊन यायला लागल्या. संजना मॅडमनी मला पुढच्या शिबिरात माईकवर उभं केलं. खर्च शून्य, असं मी म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या फार आवडल्या.

भाद्रपदात गौरी आल्या. गौर थाळीच्या गजरात घरात येते, हे आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक. पण नियम करताना अकरा जणींपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नाही. दुपारी चारला चाळभर थाळ्या वाजायला लागल्या. माझी सून जागृती तेरड्याची गौर घेऊन कुंकवाच्या पावलांवरून चालत होती आणि मी पुढं थाळी बडवत होते. मैनाच्या घराकडूनही आवाज येत होता, जोरात, बेतालच. मैनाची गौर पण आली वाटतं, असं मी कौतुकानं म्हणाले.

जागृती पावलांवरच थांबली. “आई, तेंच्याकडं यंदा कुठली गौर? सासरा वैशाखात गेला नाय का?”

मी धावले. धावता धावता तिकडची थाळी बंद पडलेली कळलं. बाकीच्या वाजतच होत्या.

विपुलचं दार लाथेनं उघडलं. मैना मोरीच्या उंबऱ्यावर पडली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. मोरीची कडी धडधाकट होती, दाराला साधा ओरखडा नव्हता. विपुलच्या हातात कामावरचा लोखंडी पाना होता. माझ्याकडं बघत, मला दाखवून, त्यानं आणखी एकदा तो तिच्या डोक्यात घातला. आवाज नारळ फुटल्यासारखा आला.

माझ्या हातात पितळी पळी होती. मी ती त्याच्या मनगटावर मारली. पाना पडला. मग तोंडावर मारली, दात पडले, तो खाली बसला, तरी मी मारत राहिले. मागून आलेल्या बायांनी थाळ्यांच्या कडांनी त्याला फोडलं. गौरीसाठी नेसलेली नवी लुगडी रक्तानं भरली. पदूनं मला कमरेला धरून ओढलं नसतं तर मी त्याला मारूनच टाकलं असतं. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही, आजही वाटत नाही.

पदूच्या टेंपोत मैनाला घातलं. पनवेलच्या रस्त्यानं निघालो, तिचं डोकं माझ्या मांडीवर. पदराची घडी करून मी दाबून धरली होती, पण रक्त बोटांतून येतच होतं. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. दार शाबूत होतं, कडी शाबूत होती, मग ही त्याच्या हाती सापडली कशी?

तिनं डोळे उघडले. मला ओळखलं.

“काकी,” ती म्हणाली, “चारी बाजूंनी थाळ्या आयकू आल्या. तुमी सगळ्या आल्या असं वाटलं. मी कडी काढली.”

पनवेल यायच्या आत ती गेली. तिनं तिन्ही नियम अगदी मी शिकवले तसे पाळले होते.