निम्मे आकडे

सासूबाई बॅडमिंटन शिकवतात. मुलींना फटका दाखवताना त्या उडी मारून वेड्यावाकड्या उतरल्या आणि उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. सर्जननी मांडीच्या मागच्या सुतळीसारख्या दोन कंडरा काढल्या, घडी घालून चौपदरी केल्या आणि हाडांत बोगदे पाडून नवं लिगामेंट म्हणून त्यांतून ओवल्या. पुढचं काम माझं. मी फिजिओथेरपिस्ट, घरातच आयती सापडले.

क्लबच्या सेक्रेटरींनी बजावलं होतं, तीन महिन्यांत परत आलात तर बॅच तुमची, नाहीतर मदतनीस बाईंची.

सासूबाईंचा नियम एकच: सांगितलं त्याच्या दुप्पट. "दहा सांगितले की दहाच करते ती मुलगी कायम दुसरी येते." मी वीस वेळा पाय उचलायला सांगितला, त्यांनी चाळीस वेळा उचलला. गुडघा टम्म फुगला. मग मी गुपचूप सगळे आकडे निम्मे केले. दहा सांगायचे, वीस व्हायचे. सूज उतरली आणि मी स्वतःवर खूश झाले.

नवव्या आठवड्यात त्या गॅलरीत दोरीवरच्या उड्या मारताना सापडल्या.

"दुखत नाहीये गं आता."

"आई, कंडरेचा जुना रक्तपुरवठा तुटलाय, नवा अजून पुरता आलेला नाही. ती आत्ताच सगळ्यात कच्ची आहे, आणि नेमकं आत्ताच दुखत नाही. आयुष्यात एकदा तरी मी सांगते तेवढंच करा."

"बरं," त्या म्हणाल्या. मी विश्वास ठेवला नाही. आकडे निम्मेच ठेवले.

बाराव्या आठवड्यात सर्जननी गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर टेप गुंडाळली. डावी मांडी अठ्ठेचाळीस, उजवी साडेचव्वेचाळीस.

"व्यायाम चाललाय ना?"

"हिला विचारा. तीन आठवडे ही सांगते तेवढाच. एकही जास्त नाही."



"कोर्ट अजून सहा आठवडे विसरा," सर्जन म्हणाले.

बाहेर बाकावर बसताच मी कबूल केलं.

"म्हणजे दहा म्हणजे वीस होते?"

"तुम्ही दुप्पट करता म्हणून."

"ऐकते म्हटलं होतं ना तुला?"

"तुम्ही खरंच ऐकाल असं कुणाला वाटेल, आई?"

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशी सून."

त्यांनी सेक्रेटरींना फोन लावला. "बॅच मदतनीस बाईंनाच द्या. सहा आठवडे अजून... नाही हो, डॉक्टर चांगले आहेत. सूनही बरी आहे. मीच ऐकायला लागले." त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. वीस वर्षांची बॅच होती. सॉरी म्हणायला मी तोंड उघडलं.

"ते राहू दे. खरा आकडा सांग."

"वीस. तीनदा."

त्यांनी बाकावरच पाय ताठ केला. समोरच्या दोन पेशंटांनी आपापल्या कुबड्या आवरून घेतल्या.

"मोज," त्या म्हणाल्या. "मोठ्याने मोज."