बिनबुडाचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना विटेचा साचा आहे. सध्या पनवेलच्या एका शाळेत, नववीच्या वर्गात, बाईंच्या टेबलावर असतो. माझी गोष्ट मला मान खाली घालूनच सांगावी लागेल, कारण एका मुलीची भर वर्गात फजिती झाली ती माझ्यामुळे.

भगवान सुताराने मला सागाच्या चार फळ्या जोडून घडवले. आतून चोवीस सेंटिमीटर लांब, बारा रुंद, आठ उंच. चारही फळ्यांना आतून पत्रा ठोकला. वर झाकण नाही, खाली बूड नाही. नदीकाठच्या वीटभट्टीवर मी चिंधीच्या हाती पडलो. चिंधी डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरची. दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन भट्टीवर यायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. माझ्यात राख भुरभुरायची, चिखलाचा गोळा धपकन मारायची, हाताने सपाट करायची आणि मला अलगद उचलायची. खाली ओली वीट तयार! "बूड नाय म्हनून तर सुटते," असं ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. मी दुसऱ्या कुणाच्या साच्यांत मिसळू नये म्हणून तिने कोयत्याने माझ्या फळीवर तीन खाचा पाडल्या. तिची चिमुरडी दिपा त्या खाचांतून बोट फिरवत बसायची.

पुढे भट्टीवर लोखंडी साचे आले आणि मी अडगळीत पडलो. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला शाळेच्या प्रदर्शनात मांडायला नेले. प्रदर्शन संपले, तेव्हा शिपायाने मला खाली प्लायवूडचे बूड ठोकले, वर बिजागरीचे झाकण बसवले. मी नववीच्या वर्गातली खडूंची पेटी झालो. खरं सांगू? मी चांगलाच फुशारलो होतो. राख-चिखल सुटला, बूड आले, आता आपण चारचौघांत बसण्यासारखे झालो, असे मला वाटले. शी! आठवले तरी लाज वाटते.

यंदा दिपा त्याच वर्गात आली. पृष्ठफळ आणि घनफळाचा धडा चालू होता. विनिता बाईंनी गणित घातले: विटेचा एक साचा आतून चोवीस सेंटिमीटर लांब, बारा रुंद, आठ उंच आहे; त्याला आतून पत्रा बसवायला किती पत्रा लागेल? मापे त्यांनी माझीच घेतली होती. साऱ्या वर्गाने सहा बाजू धरून अकराशे बावन्न चौरस सेंटिमीटर काढले. दिपाने फळ्यावर लिहिले पाचशे शहात्तर.

"अगं, बरोबर निम्मं कसं आलं?" बाईंनी विचारले.

"चारच बाजू धरल्या, बाई. साच्याला खाली-वर काही नसतं."

बाईंनी मला उचलून धरले. "हा बघ, साचाच आहे. बूड दिसतंय ना? आणि हे झाकण?"

मागच्या बाकावरून हितेश ओरडला, "बाई, उत्तरच बिनबुडाचं!" वर्ग खो खो हसला.

दिपाची नजर माझ्या खाचांवर गेली. तिने मला ओळखले. 'हा माझ्या आईचा साचा आहे,' एवढे ती म्हणाली असती तरी पुरे होते. पण मग भट्टी, चिखल, बिऱ्हाड, सगळेच वर्गाला कळले असते. "चुकलं, बाई," असे पुटपुटत तिने उत्तर पुसले. मला खरे ठाऊक होते, आणि मी बूड दाखवत बाईंच्या हातात बसलो होतो. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दिपा चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी चिंधीच आली. "पोरगी बोलते शाला नको. दिवाळी झाली की माझ्यासंगं भट्टीवर येनार हाय. नाव काढा तिचं, बाई." बोलता बोलता तिने मला पाहिले. उचलले, खाचा चाचपल्या, उलटे केले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आँ? ह्याला बूड कुनी मारलं? मंग वीट सुटंल कशी?"

बाईंनी मला तिच्या हातातून घेतले आणि बुडाच्या खिळ्यांवरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाल्या, "दिपाचं उत्तर बरोबर होतं, ताई. नाव नाही काढायचं. उद्या तिला पाठवाच. तिची माफी मागायचीय मला."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधी शिपायाने माझे बूड आणि झाकण उपटून काढले. बाईंनी चूक आपली असल्याचे वर्गाला सांगितले आणि दिपाला फळ्यापाशी बोलावले. तिने पाचशे शहात्तर लिहिले. मग मला उचलले, हात माझ्यातून कोपरापर्यंत आरपार घातला आणि हितेशकडे बघून, वर्गात पहिल्यांदाच घरच्या बोलीत म्हणाली, "बिनबुडाचाच हाय. माझ्या आयचा साचा हाय हा."

कुणी हसले नाही. हितेश बाकावरच्या रेघा बघत बसला.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर सांभाळा. पण तिला आपल्या सोयीचे बूड ठोकण्याआधी, ती ज्यांच्या हातात झिजली त्यांना एकदा विचारा. माझ्या लाकडात खिळ्यांची भोके अजून आहेत. मधल्या सुट्टीत दिपा माझ्या खाचांतून बोट फिरवते. बोट त्या भोकांपाशी आले की मला अजून लाज वाटते.