मणका घरी आला

"ऐकलंत?"

ऐकलं. चाळीस खुर्च्यांवरच्या चाळीस माणसांनी ऐकलं. खट्ट! टेबलावर पालथा पडलेला टॅक्सीवाला हळूच उठून बसला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि आजच डोळे मिळाल्यासारखा छताकडे बघून हसला.

"कोण घरी आलं?" त्याच्या पाठीला झटका देऊन बाजूला झालेल्या मणकेसरांनी हात उंचावून विचारलं.

"मणका घरी आला!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

"गाडीची सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करता ना?"

"करतो सर," टॅक्सीवाला म्हणाला.

"दात रोज घासता ना?"

हा प्रश्न सगळ्यांनाच होता, त्यामुळे उत्तर जरा विस्कळीत आलं.

"मग मणक्यानेच काय घोडं मारलंय? मणका सरकला की नस दबते. नस दबली की रक्त रुसतं. रक्त रुसलं की दमा, साखर, केस गळणं, सासूशी भांडण!" हशा. "रोग झाल्यावर डॉक्टरकडे धावतो तो अडाणी. रोगाला दारातूनच परत पाठवतो तो शहाणा. महिन्यातून दोनदा या टेबलावर, आयुष्यभर. पुन्हा दवाखान्याचं तोंड बघावं लागलं तर माझं नाव बदला!"

त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. बदलायला काहीच त्रास पडला नसता.

दुरुस्ती: वर चाळीस माणसांनी ऐकलं असं लिहिलं, ते चूक. हाडाचा आवाज ऐकला एकोणचाळीस जणांनी. चाळिसावा मी, शेवटच्या रांगेत, ताईच्या शेजारी. मी सुतार आहे. ते टेबल मी बनवलंय.

आता ते वरून खाली उघडत जातो. तेवढंच काम मला नीट येतं.

गादी

सगळ्यात वर गादी. काळं रेक्झिन, डोकं टेकायला भोक. त्या भोकातून माणसाला फक्त फरशी दिसते. टेबलाखाली काय आहे ते दिसत नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लाँड्रीत उभं राहून कपड्यांना इस्त्री करते, बावीस वर्षं. लहानपणी बाबांच्या मोठ्या करवतीचं दुसरं टोक तीच धरायची, मी तेव्हा भुशात खेळत असे. यंदा तिची पाठ दुखायला लागली, खांद्यांच्या मधोमध. तीन महिने झाले तरी थांबेना. जेवण कमी झालं, ब्लाउज ढिले झाले, संध्याकाळी अंग कोमट लागायचं.

"डॉक्टरला दाखवू या," ती म्हणाली.

"डॉक्टर गोळ्यांचं पोतं देणार," मी म्हणालो. "आपल्या टेबलावर चल की."

आपल्या टेबलावर. असं म्हणालो मी.

फळी

गादीखाली फळी, तीन तुकड्यांत. मधला तुकडा ताईच्या पाठीखाली होता. मणकेसरांनी दोन्ही तळवे ठेवले, श्वास सोडायला सांगितलं आणि झटका दिला. खट्ट!

"ऐकलंत?"

ताई उठून बसली. चेहरा मोकळा झाला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. मी सरांना तापाचं सांगितलं, तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ताप नाही तो! मणका जागा होतोय. झोपलेल्याला उठवलं की तो चिडणारच ना?"

घरी जाताना रस्त्यात ताईने विचारलं, "टेबल तूच बनवलंस ना रे?"

"हो."

"मग तो आवाज माझ्या हाडाचाच होता ना?"

"हो ताई. हाडाचाच."

घाईत तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

दुरुस्ती: घाई नव्हती. रस्ता रिकामा होता, आम्ही सावकाश चाललो होतो. उत्तर द्यायला मला भरपूर वेळ होता. ती हसत होती, ते मला मोडायचं नव्हतं, हे खरं. आणि माझ्या हातच्या लाकडापुढे अख्खा हॉल हात जोडतो, तेही मला मोडायचं नव्हतं.

खिट्टी

ताई सात वेळा त्या टेबलावर झोपली. सातव्यानंतर चौथ्या दिवशी लाँड्रीत इस्त्री हातात असताना तिचे पाय गेले. खाली बसली ती बसलीच.

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीचा फोटो उजेडासमोर धरला. "मणक्याचा क्षय. हे दोन मणके आतून पोखरलेत, वाळवी लागल्यासारखे. तुम्ही काय करता?"

"सुतारकाम."

"मग वाळवी तुम्हाला मी काय सांगू! पोखरलेल्या लाकडावर दाब दिला तर काय होईल? यांच्या पाठीवर कोणी दाब दिलाय?"

मी सांगितलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं.

"आधी आणलं असतं तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं. आता ऑपरेशन. चालतील की नाही, आज नाही सांगता येणार."

"सर म्हणाले होते, महिन्यातून दोनदा केलं की कुठलाच रोग..."

"हे बघा, आखडलेली पाठ हातांनी मोकळी केली तर बरं वाटतं. ते खोटं नाही. पण जंतू काही नस दबली म्हणून येत नाहीत आणि पाठीत झटका दिला म्हणून पळूनही जात नाहीत."

पेटी

रविवारी हॉलमध्ये मोफत शिबिर होतं. माझ्या काखेत उशी, खिशात पेचकस.

"सर, खिट्टीला तेल घालायचंय."

"या, या! हेच आपले कारागीर!" सरांनी टाळ्या वाजवून घेतल्या.

टाळ्या थांबल्यावर मी उशी टेबलावर ठेवली. "सर, हिलाही बघा. रात्रभर कण्हत होती."

लोक हसले. सर हसले नाहीत. मग मीच तळवे ठेवले आणि झटका दिला.

खट्ट!

"ऐकलंत?" मी विचारलं. "उशीचा मणका घरी आला."

कोणी हसलं नाही. टॅक्सीवाला उठून पुढे आला. "परत कर."

परत केलं. खट्ट. मग मी टेबल आडवं पाडून त्याचं पोट सगळ्यांना दाखवलं. मधली फळी खिट्टीवर अर्धा इंच उचललेली असते. दाब पडला की खिट्टी सुटते, फळी खाली पडते, आवाज होतो. फळीवर माणूस असो, उशी असो, नाहीतर काही नसो.

"म्हणजे माझं हाड..." टॅक्सीवाला.

"तुझं हाड बोललंच नाही. माझं लाकूड बोललं."

"लोकहो, आवाजाला काही महत्त्व नसतं!" सर ओरडले.

"मग दरवेळी 'ऐकलंत, ऐकलंत' करून कान कशाला किटवता?" मागून एक आजीबाई म्हणाल्या.

मी खिशातून रबराची पट्टी काढली. "ज्या कंपनीच्या चित्रावरून मी हे टेबल बनवलं, त्यात फळीखाली ही होती, आवाज मरावा म्हणून. सरांनी काढायला लावली. म्हणाले, आवाजाशिवाय विश्वास बसत नाही." मी पट्टी जागेवर बसवली, टेबल उभं केलं. टॅक्सीवाला न सांगता पालथा झोपला. मी झटका दिला. काहीच वाजलं नाही. टॅक्सीवाला तसाच पडून राहिला, वाट बघत.

"पण मला तर खरंच बरं वाटायचं," तो भोकातून फरशीला म्हणाला.

"वाटलं असेल. पाठ चेपली की वाटतं. रोग येणार नाही, हे मात्र त्यातून कुठून आलं?"

आजीबाई काठी टेकत जवळ आल्या. त्यांनी टेबलाच्या पोटातली पातळ, पोकळ पेटी टोकरली. "आणि ही कशाला रे? हीपण सरांनीच लावायला सांगितली?"

इथे थांबता आलं असतं. सर आधीच जिन्याकडे सरकत होते, लोक त्यांच्याकडेच बघत होते.

"नाही आजी," मी म्हणालो. "ती माझी अक्कल. नुसती फळी बोदी, दबकी वाजायची. मी तीन लाकडं ठोकून बघितली. तिसरं हाडासारखं वाजलं."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"मग आज का सांगतोस?"

मी ताईचं सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. एकेक जण खुर्चीवरून उठला आणि माझ्याकडे न बघता खाली उतरला. आजीबाई तेवढ्या थांबल्या. जाताना म्हणाल्या, "लाकूड चांगलं होतं रे."

रबर

ऑपरेशनला सात आठवडे झाले. ताई वॉकर धरून उभी राहते. काल मी तिच्या पलंगाशी बसलो आणि फरशीकडे बघून म्हणालो, "ताई, तो आवाज लाकडाचा होता."

"माहितीये मला."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बाबांच्या हाताखाली तुझ्या आधी मी उभी राहिलेय. वाळलेल्या लाकडाचा आवाज मला कळत नाही होय?"

"मग परत परत का झोपलीस त्याच्यावर?"

तिने चादरीची सुरकुती तळहाताने सरळ केली. इस्त्रीवालीचा हात.

"तुला विचारलं होतं ना मी? तू हो म्हणालास. मला वाटलं, आता आपलेच कान म्हातारे झाले."

याला दुरुस्ती नाही.

मणकेसर कुठेतरी नवा हॉल बघत असतील. तुमच्याकडे आले तर टाळ्या वाजवण्याआधी वाकून टेबलाखाली बघा. दुखणं लांबलं, अंग कोमट लागलं, कपडे ढिले झाले, पायांना मुंग्या आल्या, तर डॉक्टरकडे जा, त्याच आठवड्यात. पण माझं खरं मागणं टेबलावर झोपणाऱ्यांकडे नाही. ताईने सरांवर विश्वास ठेवलाच नव्हता. तिने माझ्यावर ठेवला. अशा प्रत्येक टेबलामागे एक सुतार असतो, कुणाचा तरी भाऊ, ज्याला आवाज कुठून येतो ते ठाऊक असतं. तो तुम्ही असाल, तर पहिल्याच दिवशी बोला.

वॉकरच्या एका पायाचं बूच झिजलं होतं, फरशीवर खटखट वाजायचं. टेबलातून परत काढून आणलेल्या त्या रबराच्या पट्टीतून मी नवं बूच कापून बसवलं. आज ताई पलंगापासून दारापर्यंत गेली. अकरा पावलं. काहीच वाजलं नाही.